बिनपाण्याचा तांब्याचा बाथ: आठ महिन्यांनंतर

रबाळ्यातल्या गाळ्यात डिसेंबरपासून विजेने तांब्याचा मुलामा चढवायचा (कॉपर प्लेटिंगचा) पाच लिटरचा एक छोटा बाथ, म्हणजे द्रवाची टाकी, चालवतोय. नेहमीच्या बाथसारखं यात पाणी नाही, ॲसिड नाही, सायनाइड तर नाहीच. कोलीन क्लोराइड आणि इथिलीन ग्लायकॉल, १:२ मोल (रेणूंच्या संख्येने एकास दोन). वजनात एक किलो कोलीन क्लोराइडला साधारण ८९० ग्रॅम ग्लायकॉल. दोन्ही गरम करून ढवळलं की पाण्यासारखं स्वच्छ द्रव होतं. याला आयॉनिक लिक्विड (आयनांचं द्रव) म्हणतात, पण काटेकोर माणूस ‘डीप युटेक्टिक’ म्हणेल, म्हणजे घटकांपेक्षा खूपच कमी तापमानाला वितळणारं मिश्रण. इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ॲबट यांनी २००३ मध्ये युरियासोबत हीच युक्ती दाखवली होती: ३०२ अंशाला वितळणारं कोलीन क्लोराइड १२ अंशालाच पातळ! कोलीन क्लोराइड कोंबड्यांच्या खाद्यातही जातं, पण ते मक्याच्या भुशावर बसवलेलं असतं. ते आणू नका, मी आणलं होतं.

क्युप्रिक क्लोराइड (तांब्याचा क्षार) टाकलं की रंग पिवळट हिरवा होतो. खोलीच्या तापमानाला हे द्रव वाहायला पाण्याच्या चाळीसपट दाट, म्हणून ५० अंशावर ठेवतो. तरी वेग बेताचाच. मी डेसिमीटर चौरसाला अर्धा अँपिअर देतो. हिशेबाने तासाला साडेसहा मायक्रॉनचा थर. शेजारचा ॲसिड कॉपरचा बाथ एवढं दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. पण थर बारीक कणांचा, मॅट, छान येतो आणि ॲसिडची वाफ नाकात जात नाही.

आता चटका. मार्चमध्ये जेवायच्या वेळी लाइट गेली आणि जॉब (मुलामा द्यायचा भाग) टाकीतच राहिला. परतलो तर तांबं पातळ झालेलं, कडांना खालचा धातू उघडा! क्लोराइडच्या गर्दीत Cu(I), म्हणजे एक धन भाराचं तांबं, टिकतं, त्यामुळे द्रवातलं Cu(II), म्हणजे दोन भारांचं, धातूच्या तांब्यालाच खातं आणि दोघांचं Cu(I) होतं. करंट बंद तर जॉब बाहेर, तेव्हापासून हा नियम.

जुलै तर विचारूच नका. सुट्टीत झाकण नीट बसलं नव्हतं. सोमवारी पातळी खुणेच्या वर. हवेतलं पाणी पिऊन फुगलेलं. ८० अंशावर तापवून उडवलं, अर्धा दिवस गेला.

आणि दाटपणामुळे जॉबला चिकटून बरंच द्रव धुण्याच्या टाकीत जातं. पाणी लागताच ते हिरव्याचं निळं होतं, बघायला सुंदर, पण तेवढं तांबं गेलं आणि ग्लायकॉलमुळे सांडपाण्याचा सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, प्रदूषणाचं एक माप) चढला तो वेगळाच. आता जॉब टाकीवर दोन मिनिटं निथळत ठेवतो.

रोजच्या रॅकसाठी, म्हणजे एका वेळी भरपूर भाग टांगून करायच्या कामासाठी, हा बाथ घेऊ नका. ॲसिड न सोसणारे छोटे भाग असतील, तर पाच लिटर पुरतात. मी दहा लिटरचा विचार सोडलाय.