चिंताविकार: आधी मेंदूचा स्कॅन की थेट उपचार?

डॉक्टरांनी चिंताविकाराचं निदान केलं, सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी, बोलून होणारी थेरपी) किंवा गोळ्या असे दोन मार्ग सांगितले, की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "आधी मेंदूचा एमआरआय काढू, कशाने गुण येईल ते तरी कळेल." मागणी रास्त आहे. लागू न पडणाऱ्या उपचारात महिने घालवायची कोणाला हौस असते?

स्कॅनच्या बाजूने पुरावा आहे आणि तो मला खरोखर आशादायक वाटतो. अमेरिकेतल्या एमआयटीचे मेंदूसंशोधक जॉन गॅब्रिएली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक चिंतेच्या (चारचौघांत वावरण्याची तीव्र भीती) ३८ रुग्णांचे मेंदू सीबीटी सुरू होण्याआधी स्कॅन केले. अमिग्डाला हा भीतीशी निगडित भाग मेंदूच्या इतर भागांशी कसा जोडलेला आहे, हे त्यात पाहिलं. कोणाला गुण येईल याचा अंदाज ८१ टक्के अचूक निघाला, असं त्यांनी २०१६ साली मांडलं. पण माणसं अवघी ३८, आणि सगळ्यांना सीबीटीच दिलेली. म्हणजे 'सीबीटी घेऊ की गोळ्या?' या तुमच्या प्रश्नाला तिथे उत्तरच नाही. स्कॅन आणि वागणूक यांचं नातं खात्रीने सांगायला हजारो माणसं तपासावी लागतात, हे २०२२ साली 'नेचर'मधल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं.

शिवाय आपल्याकडे स्कॅन सेंटरवर निघतो तो एमआरआय वेगळा. त्याचा रिपोर्ट गाठ, सूज, रक्तस्राव याबद्दल बोलतो. उपचार लागू पडेल का, यावर त्यात एक ओळही नसते. आणि डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल, कानात ठकठक आवाज, हातात घाबरलात तर दाबायचा रबरी फुगा, अशा अवस्थेत त्या बोगद्यात निश्चल पडून राहणं चिंतेच्या रुग्णाला किती जड जातं, याचाही विचार व्हावा. फिट आली असेल, हातपाय लुळे पडत असतील, तर मात्र डॉक्टर सांगतील तो एमआरआय लगेच काढा.

दुसरीकडे जीएडी-७ ही चिंता किती तीव्र आहे ते मोजणारी सात प्रश्नांची साधी प्रश्नावली. गुण ० ते २१, खर्च शून्य. उपचार सुरू करून दर दोन आठवड्यांनी ती भरली की आकडा उतरतोय का ते दिसतं. गोळ्यांचा परिणाम जाणवायला दोन ते सहा आठवडे लागतात, सीबीटीची साधारण १२ ते १६ सत्रं होतात. लोकलच्या गर्दीत छातीत धडधडणाऱ्या माणसाला थेरपिस्ट आधी भरदुपारी दादरहून माटुंगा रोडपर्यंत स्लो गाडीत बसवतात. ते जमलं की अंधेरी, आणि संध्याकाळची विरार फास्ट अगदी शेवटी. तो कुठल्या टप्प्यावर अडतो, यावरून पुढचा उपचार ठरवता येतो. तेवढी माहिती आजचा कुठलाही स्कॅन देत नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: एमआरआयचे पैसे सत्रांसाठी ठेवा. खाजगी फी झेपत नसेल तर केईएम, सायन, नायर या मुंबई पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचार ओपीडी आहेत. नुसतं बोलून सुरुवात करायची असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.