झोटेरो, मेंडेली, एंडनोट की बिबटेक? जर्नलला शोधनिबंध पाठवण्याआधीची निवड

संदर्भांच्या नोंदी साठवून त्या मजकुरात आणि शेवटच्या यादीत आपोआप बसवणारं सॉफ्टवेअर निवडण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं काढून ठेवा. सहलेखक कशात लिहितात, वर्डमध्ये, गुगल डॉक्समध्ये की लेटेकमध्ये (कोडसारख्या खुणा टाकून दस्तऐवज तयार करायची प्रणाली)? आणि जर्नल शेवटी कोणती फाइल मागतं? या दोन उत्तरांनीच बहुतेक वेळा निम्मे पर्याय गळून पडतात. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये किती सोयी आहेत, हे त्यानंतर पाहायचं.

सगळं हातानेच लिहिलं तर? लेखक-वर्ष पद्धत असेल, म्हणजे एपीए किंवा हार्वर्ड, आणि दहा-बारा संदर्भ असतील तर चालतं. व्हँकुव्हर किंवा आयट्रिपलईसारख्या क्रमांकाच्या पद्धतीत मात्र हाताने करू नका. परीक्षकाने प्रस्तावनेत एक संदर्भ वाढवायला सांगितला की पुढचे सगळे आकडे सरकतात. मजकुरातला 17 आणि यादीतला 17 वेगळे झाले तरी ते कुणाच्या लक्षात येत नाही.

झोटेरो

मोफत आणि मुक्तस्रोत असलेलं झोटेरो 2006 पासून वापरात आहे. वर्ड, लिबरऑफिस आणि गुगल डॉक्स या तिन्हींत ते चालतं. सहलेखक वेगवेगळ्या ठिकाणी लिहीत असतील तर एवढ्या एका कारणासाठी ते पहिलं धरावं. संदर्भ कोणत्या पद्धतीने छापायचे हे ठरवणाऱ्या स्टाइलच्या फाइली सीएसएल या भाषेत असतात आणि दहा हजारांहून अधिक तयार मिळतात, त्यामुळे तुमच्या जर्नलचं नाव टाकून पाहिलं की बहुधा सापडतंच. माहिती भरायची सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे डीओआय, म्हणजे प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळखक्रमांक, टाकून नोंद आणणं. शोधयंत्राच्या निकालातून आणलेल्या नोंदींमध्ये पानांचे आकडे गाळलेले किंवा नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत असं बरंच काही निघतं.

मर्यादाही आहेत. संदर्भ घालताना झोटेरो उघडं असावं लागतं. पीडीएफ साठवायला मोफत जागा फक्त 300 एमबी आहे, नोंदींच्या सिंकला मात्र मर्यादा नाही. ती 300 एमबी वाचवायला म्हणून झोटेरोचं डेटा फोल्डर दुसऱ्या क्लाउड सेवेच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवू नका, डेटाबेस बिघडतो. एंडनोटच्या लायब्ररीलाही, म्हणजे नोंदींच्या संग्रहालाही, हाच नियम लागू आहे.

मेंडेली

हे 2013 पासून एल्सेव्हियरकडे आहे. मोफत जागा 2 जीबी, म्हणजे पीडीएफ साठवणाऱ्यांना सोयीचं. जुनं मेंडेली डेस्कटॉप सप्टेंबर 2022 पासून नव्याने डाउनलोड करता येत नाही. आता मेंडेली रेफरन्स मॅनेजर आणि वर्डमध्ये संदर्भ घालणारं मेंडेली साइट (Cite) अशी जोडी आहे. ही जोडी लायब्ररी क्लाउडमधून वाचते, म्हणून संदर्भ घालताना मुख्य सॉफ्टवेअर उघडं लागत नाही, पण इंटरनेट लागतं. नवीन जोडणीत लिबरऑफिसची सोय नाही. स्टाइल इथेही सीएसएलच्याच, त्यामुळे छापील निकालात झोटेरोपेक्षा फार वेगळं काही मिळत नाही. लायब्ररी आधीपासून इथे असेल तर राहा. नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथे यावं असं सबळ कारण दिसत नाही.

एंडनोट

हे विकत घ्यावं लागतं. संस्थेने परवाना घेतलेला असेल आणि मार्गदर्शकांसह सगळा गट त्यावर असेल तर एकट्याने वेगळी वाट धरू नका. याची खरी ताकद स्टाइल बदलण्यात आहे. जर्नलला खंड ठळक आणि वर्ष शेवटी हवं असेल तर एंडनोटमध्ये ते खिडकीत क्लिक करून बदलता येतं, तर सीएसएलमध्ये त्यासाठी कोड वाचावा लागतो.

नेहमी अडतं ते लायब्ररीच्या प्रतींवर. वर्डमधल्या तात्पुरत्या संदर्भात महिरपी कंसात आडनाव, वर्ष आणि # सोबत नोंदीचा क्रमांक असतो. सहलेखकाने नोंदी नव्या लायब्ररीत आयात केल्या की हे क्रमांक बदलतात आणि जुळणी फसते. म्हणून गटात एकच सामायिक लायब्ररी ठेवा.

बिबटेक

हे लेटेकसोबत चालणारं संदर्भांचं साधन आहे. गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्र असेल आणि जर्नल लेटेकचा साचा देत असेल तर दुसरा विचार करू नका. नोंदी ठेवायची डॉट बिब ही साधी मजकूर फाइल असते, त्यामुळे ती दहा वर्षांनीही उघडेल. दोन लेखकांच्या नावांच्या मधे स्वल्पविराम नव्हे, ‘अँड’ हा इंग्रजी शब्द लागतो. तो विसरलात की स्वल्पविराम जास्त झाल्याची तक्रार येते. लेटेक, बिबटेक आणि पुन्हा दोनदा लेटेक हा क्रम पूर्ण झाला नाही तर आकड्यांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात. बिबलेटेक हा त्याचा नवा पर्याय अधिक लवचिक आहे, पण अनेक प्रकाशकांचे साचे अजून जुन्या बिबटेकवरच बेतलेले आहेत, तेव्हा आधी साचा उघडून पाहा.

एकच चूक, तीन उपाय

निवड कोणतीही करा, नोंद चुकीची भरली तर यादी चुकीचीच छापली जाईल. उदाहरणार्थ, लेखकाच्या जागी ‘वर्ल्ड हेल्थ ऑर्गनायझेशन’ असं लिहिलं की सॉफ्टवेअर शेवटचा शब्द आडनाव समजतं आणि यादीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असा लेखक उभा राहतो. झोटेरोमध्ये लेखकाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करायचा. एंडनोटमध्ये नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्यायचा. बिबटेकमध्ये नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवायचं.

शीर्षकातल्या इंग्रजी मोठ्या-लहान अक्षरांचंही तसंच आहे. झोटेरोमध्ये शीर्षक वाक्यासारखं भरा: पहिलं अक्षर आणि विशेषनामंच मोठी. त्यावरून प्रत्येक शब्द मोठ्या अक्षराने सुरू करणं सॉफ्टवेअरला जमतं, उलटं नीट जमत नाही, कारण विशेषनाम कोणतं हे त्याला कळत नाही. बिबटेकच्या अनेक स्टाइली शीर्षकातली अक्षरं लहान करतात, म्हणून डीएनएसारखा शब्द महिरपी कंसात नसेल तर तोही लहान अक्षरांत छापला जातो.

जर्नलच्या नावांचे संक्षेप झोटेरोमध्ये दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये मेडलाइन या वैद्यकीय सूचीच्या संक्षेपांवर खूण केल्याने येतात, आणि ती खूण असली की नोंदीत तुम्ही भरलेला संक्षेप बाजूला पडतो. एंडनोटला जर्नलांची यादी द्यावी लागते. बिबटेकमध्ये जे लिहाल तेच छापलं जातं.

एपीएच्या 2019 मधल्या सातव्या आवृत्तीत यादीत 20 लेखकांपर्यंत सगळी नावं येतात. सहाव्या आवृत्तीत ही मर्यादा सात होती. स्टाइल निवडताना आवृत्ती पाहिली नाही तर मोठ्या गटाच्या प्रत्येक संदर्भात फरक पडतो. बरीच जर्नलं पहिल्या वेळी कोणतीही एकसारखी पद्धत चालवून घेतात. तसं असेल तर स्वल्पविरामांवर रात्र घालवू नका, डीओआय तपासा.

पाठवताना मूळ फाइल जपून ठेवा आणि तिची प्रत काढून त्या प्रतीतच संदर्भांची जोडणी तोडा. झोटेरोमध्ये ते संदर्भ ‘अनलिंक’ करणं, एंडनोटमध्ये साध्या मजकुरात रूपांतर. गुगल डॉक्समधून वर्ड फाइल उतरवण्याआधी तर हे करायलाच हवं. लेटेक असेल तर डॉट बिबसोबत डॉट बीबीएल, म्हणजे बिबटेकने तयार केलेल्या यादीची, फाइलही तयार ठेवा, अनेक ठिकाणी ती मागतात.

एकाच फाइलमध्ये दोन सॉफ्टवेअर मात्र कधीच नको. सहलेखकाने आपल्या सवयीच्या सॉफ्टवेअरने एक जरी संदर्भ घातला तरी दोघांची मोजणी वेगवेगळी चालते, आणि मजकुरात 1 हा आकडा दोनदा दिसतो. तो संदर्भ काढून ठरलेल्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा घाला. आकडा हाताने खोडून बदललात तर पुढच्या रिफ्रेशला तो परत येतो.