डोक्याला मार लागल्यानंतर ‘फुल हार्मोन पॅकेज’ घ्यावं का?

डोक्याच्या माराने पिट्यूटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी बसून बाकीच्या हार्मोन-ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी, बिघडू शकते. पॅकेजमध्ये चाचण्या भरपूर असतात, पण पिट्यूटरीसाठी नेमक्या हव्या त्याच बऱ्याचदा गायब. मार लागून महिने लोटले तरी थकवा हटत नाही, पाळी थांबली आहे, कामेच्छा उरलेली नाही, अशा पेशंटसाठी हे पॅकेज काठावर पास.

थायरॉइडच्या रकान्यात टी३, टी४ आणि टीएसएच (पिट्यूटरीकडून थायरॉइडला जाणारा हुकूम) असतात, फ्री टी४, म्हणजे रक्तात मोकळा फिरणारा टी४, नसतो. पिट्यूटरीच दमली असेल तर टीएसएच १.८ येतो, दिसायला झकास, आणि फ्री टी४ मात्र खालच्या मर्यादेच्याही खाली. फ्री टी४ वेगळा लिहून मागा. फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिटची औषधं चालू असतील तर तेही सांगा, त्यानेही तो खाली येतो. बायोटिनच्या (केसांसाठी घेतात त्या व्हिटॅमिनच्या) गोळ्या किमान दोन दिवस आधी बंद हव्यात. रिपोर्ट उलटासुलटा येतो.

कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, सकाळी ८ ते ९ मध्येच. दुपारी काढलेला आकडा रद्दी समजा. डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता जवळपास नक्की. १५ च्या वर असेल तर सहसा चिंता नाही. मधल्या आकड्यांना स्टिम्युलेशन टेस्ट लागते, म्हणजे औषध टोचून हार्मोन वाढतं का ते बघायचं. दम्याचा स्टिरॉइड पंप, सांध्यात घेतलेलं इंजेक्शन, गर्भनिरोधक गोळ्या, सगळं आधी सांगायचं. एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायला सांगणारं पिट्यूटरीचं हार्मोन) घरून काढून घेऊ नका: नळी ईडीटीएची, लगेच बर्फात, आणि लवकर सेंट्रिफ्यूज. नमुना न्यायला आलेला पोऱ्या तीच नळी बॅगेत टाकून आणखी तीन घरं फिरला तर आकडा खोटाच कमी येणार.

ग्रोथ हार्मोनचा एकच रँडम नमुना म्हणजे निव्वळ भरती, कारण ते झटक्याझटक्याने सुटतं. ग्रोथ हार्मोनच्या सांगण्यावरून बनणारा आयजीएफ-१ कामाचा, पण तो नॉर्मल आला म्हणून कमतरता नाही असं होत नाही. खात्रीसाठी ग्लुकॅगॉन टेस्ट: ग्लुकॅगॉन हार्मोनचं इंजेक्शन स्नायूत १ मिलिग्रॅम, वजन ९० किलोच्या वर असेल तर १.५, मग तीन-चार तास दर अर्ध्या तासाला रक्त. मळमळ होते. फिट येणाऱ्याला इन्शुलिनची टेस्ट नको, साखर घसरली की फिट येऊ शकते.

‘ऑटोइम्युन’ मथळ्याखाली अँटी-टीपीओ छापून येते. ती थायरॉइडविरुद्धची अँटिबॉडी, पिट्यूटरीशी तिचा संबंध नाही. मार लागलेल्या काहींच्या रक्तात पिट्यूटरीविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आहेत आणि पिट्यूटरीच्या बिघाडाशी त्यांचं नातं दिसतं, पण ती तपासणी अजून संशोधनापुरतीच; लॅबागणिक पद्धत वेगळी आणि उपचार त्यावरून बदलत नाहीत. जादा पैसे मोजू नका.

पहिल्या काही दिवसांत महत्त्वाचं फक्त कॉर्टिसॉल आणि सोडियम. बाकीचं ३ ते ६ महिन्यांनी, पुन्हा वर्षाने. ग्रोथ हार्मोन वर्षाआधी तपासण्यात अर्थ नाही. आणि फ्री टी४ कमी दिसला म्हणून थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) लगेच सुरू करू नका. आधी कॉर्टिसॉलचा निकाल लागू द्या. ते कमी असताना थायरॉक्सिन पोटात गेलं तर ॲड्रिनल क्रायसिस, म्हणजे कॉर्टिसॉल एकदम कमी पडून जिवावर बेतणं, ओढवू शकतो.