टाट्रा ८७ : वळणावर पाय उचलू नये अशी मोटार

भारतीय लष्कराचे टाट्रा ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चेक प्रजासत्ताकाच्या मोराव्हिया भागातील कोप्रझिव्नित्से हे गाव ठाऊक नसले, तरी तेथील कारखान्याचे नाव ठाऊक असते. त्याच कारखान्यात १९३६ ते १९५० या काळात टाट्रा ८७ ही मोटार तयार होत असे आणि अशा सुमारे ३,००० मोटारी तेथून बाहेर पडल्या. एका संग्राहकांच्या सौजन्याने यांपैकी एक मोटार मला दिवसभर अनुभवता आली, सकाळी त्यांच्या शेजारी बसून आणि दुपारनंतर स्वतः चालवून. ही मोटार विकत घेण्याचा किंवा निदान चालवून पाहण्याचा ज्यांचा मनसुबा आहे, त्यांच्यासाठी हे परीक्षण लिहीत आहे.

प्रथम तिच्या वेगाविषयी. मागच्या चाकांच्याही मागे बसवलेले, हवेने थंड होणारे, सुमारे ३ लिटरचे आठ सिलिंडरचे व्ही इंजिन फक्त ७५ अश्वशक्ती देते. आजच्या साध्या लहान मोटारीइतकीच ही ताकद आहे, आणि तिला ओढायचे असते १,३७० किलो वजन. तरीही ही मोटार ताशी १६० किलोमीटरपर्यंत जात असे. याचे श्रेय इंजिनापेक्षा तिच्या आकाराला द्यावे लागते. झेपेलिन विमाननौकांच्या कारखान्यात काम केलेल्या पाउल यारे यांच्या सुप्रवाही आकाराच्या तत्त्वांवर हान्स लेडविंका आणि एरिख युबेलाकर यांनी हा सांगाडा बेतला. लहान प्रतिकृतीवरून काढलेला ०.२४४ हा हवेच्या विरोधाचा गुणांक (तो जितका कमी, तितकी मोटार हवा सहज कापते) फारच आशावादी होता. १९७९ साली पूर्ण आकाराची मोटार वायुबोगद्यात तपासली, तेव्हा तो ०.३६ भरला. पण १९३०च्या दशकातील चौकोनी मोटारींच्या शेजारी हा आकडाही विलक्षणच म्हटला पाहिजे. सरळ, रिकाम्या रस्त्यावर ८०च्या पुढे गेल्यावर तिचा वेग इतका सहज वाढत जातो की इंजिन मेहनत करत आहे असे जाणवतच नाही. त्याचा आवाजही मागेच राहतो आणि पुढे बसलेल्यांना निवांत बोलता येते. या बाबतीत मी तिला पैकीच्या पैकी गुण देईन.

वळणाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय कोणीही या मोटारीच्या स्टिअरिंगला हात लावू नये. तिचे बहुतांश वजन मागच्या चाकांवर असते. मागच्या धुऱ्याचे (ॲक्सलचे) दोन स्वतंत्र भाग गिअरपेटीच्या दोन्ही बाजूंना पंखांसारखे वरखाली झुलतात आणि चाक त्या अर्ध्या धुऱ्याला काटकोनात बसवलेले असल्यामुळे धुरा झुलला की चाकही कलते. खाचखळग्यांच्या रस्त्यावर ही रचना उत्तम काम देते. टाट्राच्या ट्रकमध्ये ती आजही वापरली जाते ती त्याचसाठी. परंतु वेगात वळण घेताना चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला, किंवा त्याहून वाईट म्हणजे ब्रेक दाबला, तर भार पुढे सरकतो आणि मोटारीची मागची बाजू वर उचलली जाते. त्याबरोबर अर्धे धुरे खाली झुकतात, चाके पोटाखाली दुमडल्यासारखी आत वळतात आणि टायरचा जेमतेम कडेचा भाग जमिनीला टेकलेला राहतो. पकड अशी नेमक्या गरजेच्या क्षणी सुटते आणि मागे टांगलेले जड इंजिन लंबकासारखे बाहेर फेकले जाते. पुढे इंजिन असलेल्या मोटारी चालवण्यात ज्यांचा जन्म गेला आहे, त्यांचा पाय वळण अंगावर आले की आपोआप उचलला जातो. माझाही तसाच उचलला जातो. ही सवय येथे घातक आहे. म्हणूनच संग्राहकांनी मला तीन वेळा बजावले होते की वेग वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच कमी करावा आणि वळणात शिरल्यावर ॲक्सिलरेटर हलकाच पण सतत दाबलेला ठेवावा. श्ट्रामबेर्कच्या बाजूच्या टेकड्यांमध्ये मी ताशी ५०च्या वर गेलो नाही. तसे वागल्यास मोटार अतिशय गुणी आहे, स्टिअरिंग हलके आहे आणि ती सांगाल तिकडे वळते.

दुसरा धोका वाऱ्याचा आहे. निमुळत्या शेपटीच्या अशा मोटारीवर बाजूने वारा आला, तर त्याचा जोर वजनाच्या मध्यबिंदूच्या बऱ्याच पुढे बसतो, त्यामुळे नाक वाऱ्याबरोबर सरकू लागते. पाठीवरचा माशाच्या परासारखा उभा पत्रा शोभेसाठी नाही. तो हा जोर मागे खेचण्यासाठी आहे. त्याचा उपयोग होतो, पण मोकळ्या माळावर स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावेच लागते. मागचे दृश्य तर जवळजवळ नाहीच, कारण आतल्या काचांतून आणि इंजिनावरच्या झडपांच्या फटींतून जे दिसेल तेवढ्यावरच भागवायचे असते.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन अधिकारी या मोटारींत इतक्या संख्येने दगावले की त्यांना ती वापरण्यास बंदी घालावी लागली, ही कथा हमखास सांगितली जाते. अशा कथेवरून मोटारीची किंमत ठरवू नये; धुऱ्यांची रचना समजून घेतली की धोका किती आणि कोठे आहे हे कथेवाचूनही कळते. शिवाय याच मोटारीतून यिरझी हान्झेल्का आणि मिरोस्लाव्ह झिकमुंड यांनी १९४७ ते १९५० या काळात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका पालथी घातली. ती मोटार आज प्राग येथील राष्ट्रीय तांत्रिक संग्रहालयात आहे. चालक जाणता असेल तर ही मोटार कोठवर नेते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

ज्यांना रोज नसली तरी दर आठवड्याला मोटार बाहेर काढायची आहे, त्यांनी माझ्या मते टाट्रा ८७ऐवजी १९४८ पासून तयार झालेली टाट्राप्लान पाहावी. तिचे चार सिलिंडरचे २ लिटरचे इंजिन आखूड आहे, त्यामुळे शेपटीवरचा भारही कमी होतो. वेग ताशी १३०च्या आसपासच मिळतो, पण मनःशांती पुष्कळ मिळते. टाट्रा ८७च घ्यायची असेल, तर रंग आणि तीन दिव्यांचा देखणा चेहरा नंतर पाहावा. आधी मागच्या धुऱ्यांचे सांधे ढिले झाले आहेत का, शॉक ॲब्सॉर्बर जिवंत आहेत का आणि टायर किती वर्षांचे आहेत, हे तपासावे. नक्षी शाबूत असलेला, पण वयाने कडक झालेला टायर या मोटारीवर कदापि चालवू नये.

हवेबाबत तर तडजोड नकोच. पंपावर चारही टायरमध्ये सारखी हवा भरून घेण्याची आपली पद्धत मागे इंजिन आणि झुलते धुरे असलेल्या कोणत्याही मोटारीला चालत नाही. सुरुवातीच्या शेव्हरोले कॉर्व्हेअर या तशाच रचनेच्या अमेरिकन मोटारीसाठी कारखान्याने पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा सांगितली होती आणि तिची स्थिरता बऱ्याच अंशी या फरकावर अवलंबून होती. टाट्राचे आकडे वेगळे आहेत. ते त्या त्या मोटारीच्या पुस्तिकेतून घ्यावेत, एका कागदावर लिहून चालकाच्या समोर चिकटवावेत आणि टायर थंड असताना, निघण्यापूर्वी, स्वतःच्या मीटरने तपासावेत. मी चालवलेल्या मोटारीत तसा कागद होता, आणि संग्राहकांनी चावी देण्याआधी मला तो मोठ्याने वाचायला लावला होता.