अरुंद बैठकीसाठी टीपॉय: सागवान, काच, ग्रॅनाइट की नेस्टिंग सेट?

नऊ फूट रुंदीची पुढची खोली, एका भिंतीला सोफा, समोर टीव्ही आणि मधून थेट स्वयंपाकघरात जाणारी वाट. जळगाव-धुळ्याच्या रो-हाउसमध्ये ही मांडणी सर्रास दिसते. इथे टीपॉय कशाचा घ्यायचा हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तो किती रुंद चालेल.

नऊ फूट म्हणजे १०८ इंच. सोफा भिंतीपासून साधारण ३४ इंच पुढे येतो, टीव्ही युनिट १६ इंच. उरले ५८. सोफ्यावर बसणाऱ्याच्या पायांसाठी १४ इंच सोडा. पलीकडून हातात ताट घेऊन माणूस अंग न चोरता गेला पाहिजे, त्यासाठी २६ इंच. राहिले १८. म्हणजे दुकानात पसंत पडलेला २४ इंची टीपॉय घरी आणला की वाट २० इंचांवर येते आणि मग तो कायमचा भिंतीला सरकवलेला राहतो. दहा फुटी खोलीत मात्र २४ इंची टीपॉय बिनधास्त बसतो, वर वाटही ३२ इंच मिळते.

आठ फुटी खोलीत याच हिशेबाने हाती सहाच इंच येतात, म्हणजे मधे टीपॉय नाहीच. पण टीव्ही भिंतीवर टांगून खालचं युनिट काढलं तर २२ इंच सुटतात आणि १८ इंची टीपॉय आरामात मावतो. टीपॉयपेक्षा टीव्ही युनिटच खोली जास्त खातं, हे खरेदीला निघायच्या आधी लक्षात घ्या.

लांबी ३६ इंच पुरे, तीन सीटर सोफ्यापुढे फार तर ४२. उंची गादी दबल्यावर जिथे बसतो त्याच्या बरोबरीने किंवा इंचभर कमी: सोफ्याला १५-१६ इंच, कडक गादीच्या दिवाणाला १७. मुख्य दार आत उघडत असेल तर त्याची झडप टीपॉयला लागते का तेही बघा. १८ बाय ३६ इंचांचा वर्तमानपत्राचा तुकडा जोडून दोन दिवस फरशीवर चिकटवून ठेवला की सगळं आपोआप कळतं.

आता माल. आपल्याकडे दोन गोष्टी बाकी भागांपेक्षा वेगळ्या पडतात. एक, हवा: एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावची कोरडी झळ आणि त्याच खोलीत दिवसभर ओली हवा फेकणारा कूलर. दुसरी, पुढची खोली वरचेवर रिकामी करावी लागते. श्रावणात कानबाई बसवायची असो, बिबडे-पापडांचा घाट असो की पाहुण्यांची पंगत, टीपॉय उचलून आत न्यावाच लागतो. म्हणून वजन हा इथे देखणेपणापेक्षा मोठा मुद्दा आहे.

वजनाचा अंदाज १८ बाय ३६ च्या नुसत्या वरच्या फळीवरून येतो. इंचभर जाडीचं सागवान सुमारे ७ किलो, ८ मिमी काच साडेआठ किलोच्या आत, १८ मिमी ग्रॅनाइट २० किलो. पायांसकट सागवानी टीपॉय ११-१२ किलोंत बसतो. एकट्या माणसाला उचलता येतो.

आमची पहिली पसंती सागवानालाच. सुताराकडून करून घेत असाल तर लाकडाचा हिशेब असा: फळी ०.३८ घनफूट, दोन बाय दोन इंचांचे चार पाय ०.१५, खालच्या तीन इंची पट्ट्या ०.१६. रंधा आणि कापातली घट धरून पाऊण ते ०.८५ घनफूट. याच्या दीडपट लाकूड सांगितलं तर विचारा कशाला. जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोडू नका. ते पूर्ण वाळलेलं असतं, त्यामुळे उन्हाळ्यात आकसत कमी. फक्त आत राहिलेले खिळे आधी काढून घ्या, नाहीतर रंध्याचं पातं जातं. नवं लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर पहिल्याच मे महिन्यात फळीच्या जोडांना फट पडते.

इथेच बरेच सुतार एक चूक करतात: फळी खालच्या पट्ट्यांना फेव्हिकॉल आणि स्क्रूने घट्ट आवळतात. १८ इंच रुंदीची भरीव फळी पावसाळा-उन्हाळ्यात दोन-तीन मिलिमीटर फुगते-आकसते. तिला हलायला जागा नसेल तर ती मधोमध तडकते. पट्टीतलं स्क्रूचं भोक गोल न ठेवता फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट खाचेसारखं ठेवायचं, स्क्रूखाली वायसर टाकायचा आणि फळीला गोंद लावायचाच नाही. एवढं सांगून करून घ्या.

बजेट कमी असेल तर लोखंडी सांगाडा आणि वर प्लाय हा खरा पर्याय आहे. २५ बाय २५ मिमी चौकोनी पाइप, जाडी किमान १.२ मिमी. त्याहून पातळ पाइप वेल्डिंगला जळतो आणि नंतर टीपॉय डुलतो. पायांची खालची तोंडं बंद हवीत. उघडी राहिली तर फरशी पुसताना पाणी आत जाऊन पाइप आतून गंजतो, वरचं पावडर कोटिंग मात्र शाबूत दिसत राहतं. प्लाय आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या. साधा एमआर (नुसता ओलावा सोसणारा) प्लाय कूलरच्या समोरच्या खोलीत टिकेलच असं नाही. दुकानातले स्वस्त टीपॉय बहुधा पार्टिकल बोर्डाचे असतात. त्यांची कड आधी फुगते, मग कडेला चिकटवलेली पट्टी (एज बँड) सुटते, आणि फुगलेला बोर्ड परत बसत नाही. कूलर असलेल्या खोलीसाठी तो घेऊच नये.

काचेचा एक फायदा निर्विवाद आहे: खालची फरशी दिसत राहिल्याने खोली भरल्यासारखी वाटत नाही. पण उन्हाळ्यातल्या धुळीत ती रोज दोनदा पुसावी लागते, आणि शेवभाजीच्या तर्रीचा एक थेंबही लपत नाही. घ्यायचीच तर टफन काच, ८ मिमी, कोपऱ्यावरचा शिक्का बघून. साध्या काचेवर चुलीवरून उतरवलेलं पातेलं ठेवलं तर ती तडकू शकते, आणि फुटली तर धारदार पाती होतात. टफन काच फुटलीच तर बारीक दाणे होतात. ती नंतर कापता येत नाही, म्हणून माप, भोकं आणि गोल कोपरे ऑर्डर देतानाच पक्के करा.

ग्रॅनाइट मोहात पाडतो, कारण स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला तुकडा घरातच पडलेला असतो. काळा असेल तर तेल-हळदीची चिंता नाही. फिकट रंगाचा डाग शोषतो. पण सांगाड्यासकट वजन तीस किलोच्या आसपास जातं. हलवायला दोन माणसं लागणारा टीपॉय अरुंद खोलीत नको.

नेस्टिंग सेट, म्हणजे एकात एक बसणारे दोन-तीन टीपॉय, आठ फुटी खोलीसाठी उत्तम. एरवी ते सोफ्याच्या शेजारी १४ बाय २० इंचांत उभे राहतात, पाहुणे आले की प्रत्येकापुढे एक. बाहेरच्या आणि आतल्या टीपॉयच्या मापात दोन्ही बाजूंनी मिळून दोन इंचांचा फरक असावा. कमी असेल तर काढताना पाय घासतात आणि महिन्याभरात पॉलिश जातं. पायांखाली नायलॉनचे बूट नसतील तर आधी ते बसवून घ्या, फरशीवर ओरखडे पडतात. सगळ्यात धाकटा टीपॉय दोन कप चहापुरताच. त्यावर भरिताचं ताट ठेवायचं नाही.

सी आकाराचं टेबल एकट्या माणसाच्या चहा-लॅपटॉपला चांगलं, पण त्याची खालची पट्टी सोफ्याखाली सरकायला दोन इंच मोकळी जागा लागते. खालून बंद असलेल्या बॉक्स दिवाणाखाली ते सरकतच नाही. दुकानात टेबलाच्या पुढच्या कडेवर तळहात दाबून बघा: मागची बाजू उचलली गेली तर घेऊ नका.

वर उघडणारे, आत सामान ठेवायचे टीपॉय जड असतात आणि झाकण उघडताना पुढे सरकतं. चौदा इंचांच्या फटीत ते गुडघ्यावर येतं.

सुताराला ऑर्डर देताना कागदावर हे लिहून द्या: १८ बाय ३६, उंची १६, कोपरे दीड इंच त्रिज्येने गोल, पाय कोपऱ्यांपासून दोन इंच आत, खालचा कप्पा नको. कप्पा हवाच असेल तर तो फरशीपासून सहा इंच वर, म्हणजे झाडूही फिरेल आणि बसणाऱ्याच्या पायांची बोटंही आत जातील. पॉलिश फळीच्या खालच्या बाजूलाही तितकेच हात मारून घ्या. खालची बाजू कोरी सोडली तर कूलरची ओल तिथूनच शिरते आणि फळी वाकते.