ला पाझची केबल कार: एकट्याने जाणार असाल तर आधी हिच्यात बसा

बोलिव्हियात ला पाझला सहा दिवस एकटी फिरून आले, आणि रिव्ह्यू लिहायचाच तर तो हॉटेलचा नाही, तिथल्या केबल कारचा लिहायचा हे परत येताना विमानातच ठरवलं होतं. नाव मी तेलेफेरिको, स्पॅनिशमध्ये मी म्हणजे माझं. रायगडच्या रोपवेसारखं एकदा वर जाऊन फोटो काढून खाली असं नाहीये हे, ही त्या लोकांची लोकल आहे, सकाळी ऑफिसवाले, शाळेची मुलं, घेरदार झगे आणि गोल हॅट घातलेल्या बायका पाठीवर रंगीत गाठोडं बांधून, सगळे यातूनच जातात.

ला पाझ म्हणजे एक मोठी कढई समजा. मधला भाग ३,६०० मीटरच्या आसपास आणि काठावर सपाटीला एल आल्तो हे वेगळंच शहर, ४,१०० च्या वर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे जवळपास अडीच कळसूबाई एकावर एक! एअरपोर्टपण वरच, ४,०६१ मीटरवर. मी लालबागची, समुद्राच्या लेव्हलला वाढलेली, पहिल्या दिवशी डोकं असं ठणकत होतं की जिन्याच्या आठ पायऱ्या चढून थांबावं लागलं, कारण हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण दोन तृतीयांशच असतो, श्वास घेतला तरी ऑक्सिजन पुरत नाही. आणि शहर सगळं चढउताराचं. सोबत कोणी नाही, बॅग धरायला नाही, पाणी आणून द्यायला नाही. अशा वेळी बसून शहर बघता येतं ही किती मोठी गोष्ट आहे ते तिथे गेल्यावरच कळतं.

२०१४ मध्ये लाल, पिवळी, हिरवी अशा तीन लाइन सुरू झाल्या, त्यांच्या झेंड्याचेच रंग, आता दहा आहेत. एका डब्यात दहा जण बसतात आणि काही सेकंदांनी पुढचा डबा येतोच, त्यामुळे रांग लांब दिसली तरी घाबरू नका, भराभर सरकते. डबा स्टेशनात पूर्ण थांबत नाही, हळू सरकत असतो, मुंबईकरांना यात काही शिकवायला नको. मी गेले तेव्हा पहिल्या लाइनचे ३ बोलिव्हियानो आणि लाइन बदलली की वर २, म्हणजे वडापाव आणि कटिंगच्या हिशोबात अख्खं शहर. फक्त विजांचं वादळ असलं की सेवा थांबवतात, त्यामुळे पावसाळ्यात गेलात तर (तिकडे तो साधारण डिसेंबर ते मार्च) संध्याकाळचं काही घट्ट ठरवू नका.

माझा रूट सांगते. जुन्या रेल्वे स्टेशनवरून लाल लाइन, खाली भलीमोठी दफनभूमी दिसते, एकावर एक मजले असलेली, मग डोंगराला चिकटलेली विटांची घरं, कुणाच्या गच्चीत वाळत घातलेले कपडे, कुत्री, आणि दहाएक मिनिटांत एल आल्तो. गुरुवारी किंवा रविवारी जा, तेव्हा तिथे प्रचंड मोठा बाजार भरतो, जुन्या कपड्यांपासून गाडीच्या पार्टपर्यंत सगळं, दादरच्या गर्दीत धरतो तशी पर्स पुढे धरायची. मग चंदेरी लाइनने काठाकाठाने जाऊन पिवळीने खाली आणि पुढे हिरवी. इयिमानी हा ६,४३८ मीटरचा बर्फाचा डोंगर समोर असतो. हिरवी जिथे संपते तो भाग बराच खाली आहे, तिथे उतरले तेव्हा माझं डोकं खरंच हलकं झालं, म्हणून ज्यांना पहिल्या दिवशी त्रास होईल त्यांनी सरळ तिकडे जाऊन बसा.

तिथे कोका पानांचा चहा सगळीकडे मिळतो, मला बरं वाटलं, पण ती पानं भारतात आणायची नाहीत, कायद्याने बंदी आहे. उंचीच्या त्रासावर गोळ्या घ्यायच्या तर निघायच्या आधी डॉक्टरला विचारून.

पाचपैकी पाच. शेवटच्या रात्री एल आल्तोवरून खाली येताना डब्यात एक आजी आणि तिची नात होती, आजीने कुठली म्हणून विचारलं, मी मुंबई म्हटलं, तिला कळलं नाही, मग इंडिया म्हटलं. तिने नातीला काहीतरी सांगितलं आणि ती पोर उठली, खिडकीकडची जागा मला दिली. खाली सगळी कढई दिव्यांनी भरलेली होती.