मार्कांची बेरीज की निकषांची नोंद?

एकाच वर्गात दोन-तीन पातळ्यांच्या वर्कशीट द्यायला लागलं की महिनाभरात प्रश्न उभा राहतोच: आता मार्क कसे द्यायचे? मी तिन्ही प्रकार करून बसलोय. नेहमीची मार्कांची बेरीज काही वर्षं, प्रगतीवर मार्क जेमतेम एक सत्र, आणि आता निकषनिहाय नोंद, म्हणजे एकेक गोष्ट मुलाला कितपत जमते ते वेगवेगळं लिहिणं.

बेरीज झटपट होते आणि पालकांना लगेच कळते. सगळ्यांना एकच पेपर असेल तर मी आजही तिच्याविरुद्ध फारसं बोलणार नाही. पण पातळ्या आल्या की तो आकडा नेमका कशाचा, हेच कळेनासं होतं.

माझं मन उठलं ते अपूर्णांकांच्या धड्यात. सोप्या शीटवर समान छेदांची बेरीज, अवघड शीटवर भिन्न छेदांची. एका मुलीला सोप्या शीटवर 20 पैकी 18 पडले. शेजारच्या मुलाकडे अवघड शीट. त्याने 2/3 + 1/4 ची वर-खाली सरळ बेरीज करून 3/7 लिहिलं, आणि थबकला. "सर, हे तर 2/3 पेक्षा लहान आलं!" मग खोडलं, छेद 12 केला आणि 11/12 वर पोचला. त्याला एकूण पडले 13. दुसऱ्या दिवशी टेबलापाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, मला पण सोपी शीट द्या ना."

मार्कांच्या हिशोबाने त्याचं काहीच चुकत नव्हतं. मी अवघड शीटला जादा मार्क ठेवून पाहिले, तर सोप्या शीटवाल्यांनी कितीही जीव तोडला तरी ती वर जाईनात. एक टोक सावरलं की दुसरं सुटायचं. या एका कटकटीपायी मी बेरीज सोडली.

प्रगतीवर मार्क, म्हणजे धड्याआधीच्या पूर्वचाचणीपेक्षा नंतर किती वाढले तेवढे मार्क, ऐकायला छान वाटतं. पण 4 वरून 12 वर आलेल्याला 8 मिळतात आणि 18 वरून 20 वर गेलेल्याला 2. शिवाय पुढच्या धड्याच्या पूर्वचाचणीत काही जणांनी येत असलेली उत्तरंही कोरी सोडली! तिथेच तो प्रयोग आटोपला.

निकषनिहाय नोंदीत निकष सगळ्यांना एकच, तिथवर जायच्या वाटा वेगळ्या. 'भिन्न छेदांची बेरीज करतो आणि उत्तर पटण्याजोगं आहे का ते पाहतो' हा एक निकष, आणि तो कितपत जमला याच्या 4 पातळ्या. सोप्या शीटवरच्या 18 मार्कांनी या निकषावर काही सिद्ध होत नाही, हे झाकलं जात नाही. पण पुढे जमलं की जुनी नोंद खोडून नवी करतो. बेरजेत हे होत नाही. 4, 6, 9, 17, 18 असे मार्क मिळवलेल्या मुलाची सरासरी येते 10.8, आणि तो मुलगा आता 10.8 च्या कितीतरी पुढे आहे. मेहनत, वेळेवर काम वगैरे मी वेगळ्या रकान्यात लिहितो. काय जमलं, कसं काम केलं आणि किती पुढे सरकला, हे एका आकड्यात कालवू नका, असं थॉमस गस्की हे अभ्यासक पूर्वीपासून सांगत आले आहेत.

त्रास आहेच. 40 मुलं आणि 6 निकष म्हणजे एका धड्याच्या 240 नोंदी. दुसरी पातळी द्यावी की तिसरी, यावर माझा हात अजून अडखळतो. 'हे सगळं तुमच्या मतावर झालं, मार्क तरी पक्के असतात' असं सहकारी म्हणतात. इतके काही पक्के नसतात. स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी 1913 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भूमितीचा एकच पेपर शंभराहून जास्त शिक्षकांनी तपासला होता, आणि मार्क पडले होते 28 पासून 95 पर्यंत.

तुमच्याकडे वर्कशीटच्या पातळ्या नावापुरत्याच असतील, तर बेरीज कदाचित पुरेल. खरोखरच वेगवेगळं काम देत असाल, तर मला तरी नोंदच बरी वाटते. शेवटी टक्के द्यावेच लागले तर ते ताज्या नोंदींवरून काढा. आणि सुरुवात 3 निकषांवर करा. मी पहिल्या सत्रात हौसेने 11 ठेवले होते, त्यातले निम्मे रकाने शेवटपर्यंत कोरेच राहिले.